टाकीचे घाव आणि मॅग्नेशियमची साक्ष

गोदावरीच्या दक्षिण अंगाला, गेवराई तालुक्यात वसलेल्या चकलांब्यासारख्या गावी हरिनाम सप्ताह बसला, वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फिरू लागली, आणि रात्रीच्या कीर्तनाला वाड्यावस्त्यांवरची माणसे सतरंजी अपुरी पडून मातीवर बसू लागली, म्हणजे त्या सात दिवसांत केव्हातरी एक दृष्टांत हटकून श्रोत्यांच्या कानी पडतो. एका पाथरवटाने एकाच खाणीतून दोन दगड आणले. पहिल्यावर टाकी ठेवताच तो कळवळला, म्हणून त्याला तसाच टाकून पाथरवट दुसऱ्याकडे वळला. दुसऱ्याने घाव मुकाट सोसले आणि त्याची मूर्ती झाली. पहिला देवळाची पायरी होऊन पडला. ज्याने सोसले त्याच्यापुढे जग माथा टेकते आणि ज्याने सोसले नाही त्याच्यावर पाय देऊन जग आत जाते, असे सांगून महाराज क्षणभर थांबतात, आणि टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण श्रोतेच त्यांच्यासाठी पुरी करतात.

दृष्टांत रसाळ आहे, आणि सांगणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. परंतु ऐकणारे कोण, हे एकदा ध्यानात घेतले पाहिजे. त्यांतील कित्येक जण दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी बिऱ्हाड उचलून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर ऊसतोडीला जाणारे. नवरा-बायकोची जोडी मिळून ज्यांची गणती मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' अशी होते, ते. या लोकांना सोसण्याची महती नव्याने समजावून सांगण्याची गरज कोणाला व का वाटावी, हा पहिला प्रश्न. आणि त्याच्या पाठोपाठ त्याहून पुष्कळ जुना, सर्व धर्मांच्या दप्तरी निकालावाचून पडून राहिलेला दुसरा प्रश्न उभा राहतो, तो असा की दुःखाने माणूस घडतो काय? आणि घडत असेल, तर दुःख देणाऱ्याला, मग तो ईश्वर असो, प्रारब्ध असो की उचलीचा हिशेब ठेवणारा मुकादम असो, जाब विचारण्याचा अधिकार माणसाला उरतो काय?

या खटल्यात आजवर साक्षीला बहुधा सोने उभे केले गेले. सोने अग्नीत घातले की उजळते, हा कीर्तनकारांचा आवडता पुरावा होय. परंतु सोने हा फितलेला साक्षीदार आहे. ते मूळचेच मऊ, ठोकावे तितके पसरणारे, वर्ख होईपर्यंत तक्रार न करणारे, आणि म्हणूनच ज्याला जे सिद्ध करावयाचे असेल ते त्याला सिद्ध करून देणारे. लोखंडही पुष्कळ अंशी तसेच सोशीक. मला ज्या धातूची जबानी येथे निर्णायक वाटते त्याचे नाव कोणत्याही पुराणात नाही, तो दागिन्यात नाही, देवाच्या मुखवट्यात नाही, आणि एकोणिसाव्या शतकापूर्वी तो धातुरूपाने कोणी पाहिलेलाही नव्हता. तो धातू म्हणजे मॅग्नेशियम.

चकलांब्याला हे नाव अगदीच परके नाही. कपाशीची पाने लाल पडू लागली, म्हणजे शेतकऱ्याच्या बोलीत 'लाल्या' आला, की कृषी सेवा केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणून फवारण्याचा सल्ला मिळतो; कारण पानाला हिरवेपणा देणाऱ्या द्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो, आणि फडावर बैलांपुढे टाकल्या जाणाऱ्या उसाच्या वाढ्यातही तो आहेच. १८०८ साली हंफ्री डेव्हीने तो प्रथम वेगळा केला. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याची फीत चिमट्यात धरून पेटवतात तेव्हा जी दिपवून टाकणारी पांढरी ज्योत दिसते, तेवढ्यावरच बहुतेकांची त्याच्याशी ओळख संपते. परंतु यंत्रकारांना त्याचा मोह वेगळ्याच कारणाने पडला. तो पाण्याच्या पावणेदोन पटच जड आहे, ॲल्युमिनियम २.७ पट, पोलाद जवळजवळ ८ पट. विमान, मोटार किंवा हातातील दूरध्वनीचा सांगाडा हलका करावयाचा तर याहून हलका आणि तरीही कामाचा धातू नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या, कासवाच्या घाटाच्या मोटारीत तो सुमारे २० किलो वापरला जात असे. इतका गुणी धातू सर्वत्र का दिसत नाही, याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे, आणि आपल्या प्रश्नाचेही उत्तर मला तेथेच सापडते असे वाटते.

धातू म्हणजे एकजिनसी गोळा, असे उघड्या डोळ्यांना वाटते. ओतीव मॅग्नेशियमचा नखाएवढा तुकडा अधिकाधिक बारीक होत जाणाऱ्या पॉलिश कागदांवर घासून चकचकीत करावा, पिक्रिक आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलात क्षणभर बुडवून काढावा, धुऊन वाळवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. म्हणजे मघाशी गुळगुळीत दिसणारा तो पृष्ठभाग वेड्यावाकड्या बहुकोनी कणांनी भरून गेलेला दिसतो, कणाकणांमधील सीमा काळ्या रेषांनी उमटतात, आणि एक कण फिका तर शेजारचा गडद दिसतो, कारण प्रत्येकाच्या आतील अणूंच्या रांगा निराळ्या दिशेने लागलेल्या असतात. या रांगांची मांडणी षट्कोनी असते. भाकरींच्या चळतीला बाजूने धक्का दिला तर वरची भाकरी खालचीवरून सहज सरकते, परंतु वरून कितीही दाबले तरी सरकत काहीच नाही. थंड मॅग्नेशियमची अवस्था नेमकी तीच. त्याच्या तळपातळीवरचे थर एकमेकांवरून घसरतात, इतर पातळ्या जवळजवळ जखडलेल्या असतात. कोणताही घनपदार्थ न फुटता हवा तो आकार घ्यावयाचा असेल तर त्याच्यापाशी घसरण्याच्या ५ परस्परस्वतंत्र रीती असल्या पाहिजेत, असे रिखार्ड फॉन मीझेस या गणितज्ञाच्या १९२८ मधील विवेचनातून निघते; थंड मॅग्नेशियमच्या तळपातळीपाशी अशा दोनच असतात. उरलेली अडचण तो काही अंशी स्वतःच्या कणाचा एखादा भाग एकाएकी उलथवून, जुळा स्फटिक निर्माण करून भागवतो. ती सोयही संपली की तो तडकतो.

आता हाच धातू गावच्या लोहाराच्या ऐरणीवर ठेवून पाहू. पेरणीच्या तोंडावर फाळ शेवटून घ्यायला आणि हंगामापूर्वी कोयत्याला पाणी देऊन घ्यायला माणसे त्याच्याकडे येतात. भाता चालतो, लोखंडाचा रंग तांबड्यावरून केशरीवर जातो, आणि रंग पाहून तो सांडशीने तुकडा उचलतो. रंग उतरला की पुन्हा आगीत. थंड लोखंडावर घण घालण्यात वेळ दवडू नये, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. त्याच ऐरणीवर थंड मॅग्नेशियमची कांब ठेवून घण मारला, तर काही घावांतच तिच्या कडांना चिरा जातात आणि ती मोडते. सोसण्याची तिची तयारी नव्हती, असे म्हणावयाचे काय? तीच कांब २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून, बेताच्या गतीने दाबली किंवा साच्याच्या तोंडातून रेटून बाहेर काढली, तर ती न चिरता वाहू लागते. कारण त्या उष्णतेत थंडीत जखडलेल्या इतर पातळ्या मोकळ्या होतात, आणि ताणल्या गेलेल्या जुन्या जाड कणांच्या सीमांवर नवे, बारीक, ताणरहित कण जन्म घेऊ लागतात. अशा रीतीने ओतीव धातूतील भरड कण कित्येक पटींनी लहान होतात. कण जितके बारीक तितका धातू बळकट, हा नियम ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये पोलादाच्या अभ्यासातून मांडला. मॅग्नेशियमला त्याचा लाभ ॲल्युमिनियमच्या कित्येक पट अधिक मिळतो. जो थंडीत इतक्या लवकर मोडतो, तोच नीट तापवून घडवला असता कणाच्या बारीकपणातून ॲल्युमिनियमहून कितीतरी अधिक बळ काढून दाखवतो, ही गोष्ट मला कोणत्याही दृष्टांताहून अधिक विचार करायला लावणारी वाटते.

तापमानाचीही मर्यादा आहे, हे सांगितले पाहिजे, नाहीतर माझाच दृष्टांत एकांगी होईल. फार वेळ तापवत ठेवले तर नवे बारीक कण एकमेकांना गिळून पुन्हा भरड होतात आणि मिळवलेले बळ हातचे जाते. फार तापवले तर धातू पेट घेतो, आणि पेटल्यावर त्याच्यावर पाणी ओतणे म्हणजे आग वाढवणे होय. १९५५ च्या जून महिन्यात ल माँ येथील शर्यतीत मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरून बनवलेली मोटार जळाली तेव्हा तेथील लोकांनी हे पाहिले.

घाव मुळीच न घालता, केवळ उष्णता आणि काल यांच्या योगाने धातू कसा पालटतो, याचे उदाहरण याहूनही बोलके आहे, आणि येथे आपल्या दर्शनकारांचा एक जुना वाद मला अनपेक्षितपणे जिवंत होताना दिसतो. शंभर भागांत ९ भाग ॲल्युमिनियम आणि १ भाग जस्त घालून केलेला एझेड ९१ नावाचा मॅग्नेशियमचा मिश्रधातू वाळूच्या साच्यात ओतला, तर तो सुमारे १६५ मेगापास्कल ताण सोसतो आणि मोडण्यापूर्वी जेमतेम अडीच टक्के लांबतो. याचे कारण असे की ॲल्युमिनियमचा बराच भाग मॅग्नेशियमशी संयोग पावून एका ठिसूळ पदार्थाच्या रूपाने कणांच्या सीमांवर जाळे विणून बसलेला असतो, आणि फूट पडली की ती त्या जाळ्यातूनच धावते. तोच नग सुमारे ४१३ अंशांवर सोळा-वीस तास ठेवला, तर बाहेरून त्याचा आकार रेसभरही बदलत नाही, कोणी त्याला हातोडीने शिवलेले नसते, पण आतले जाळे विरघळते, ॲल्युमिनियमचे अणू मॅग्नेशियमच्या रांगांत सर्वत्र पसरतात, आणि सोसण्याची शक्ती २७५ मेगापास्कलपर्यंत, लांबण्याची क्षमता सुमारे १५ टक्क्यांपर्यंत जाते. पुढे १६८ अंशांच्या आसपास पुन्हा काही तास ठेवले, तर आतमध्ये अतिसूक्ष्म कण निपजतात, धातू अधिक ताठ होतो, आणि त्या ताठपणाची किंमत म्हणून लांबण्याची क्षमता सहा टक्क्यांवर येते. एक पदार्थ, एक वजन, एक घडण. आणि तीन स्वभाव.

कच्चा काळा घट आव्यात भाजून तांबडा होतो तेव्हा नेमके काय घडते, यावर वैशेषिक आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. वैशेषिकांचे म्हणणे असे की अग्नीच्या संयोगाने घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचा काळा रंग जाऊन तांबडा येतो, आणि ते पुन्हा जुळून नवा घट बनतो, इतक्या त्वरेने की पाहणाऱ्याला कळतही नाही. यास पीलुपाक म्हणतात. नैयायिकांनी विचारले की घट जर खरोखरच विघटित झाला तर त्याच्यावर रचलेले बाकीचे घट कोसळत कसे नाहीत, आणि बाहेर काढल्यावर हा तोच घट अशी ओळख कशी पटते? म्हणून घट अखंडच राहतो, उष्णता सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि सबंध घट आहे तसाच भाजतो, हा पिठरपाक. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाच्या दीपिकेत हा वाद थोडक्यात आला आहे, आणि यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांनी १८९७ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत त्या ग्रंथाची जी आवृत्ती सिद्ध केली तिने तो पुष्कळ विद्यार्थ्यांच्या हाती दिला. एझेड ९१ चा नग भट्टीतून बाहेर येतो तेव्हा मी या वादाचा फैसला असा देईन: पालट होतो तो अणूंच्या पायरीवर, ही वैशेषिकांची दृष्टी खरी, पण त्यासाठी वस्तू मोडावी लागत नाही, ही नैयायिकांची दृष्टीही खरी. आणि माणसाच्या बाबतीत विचाराल तर मी निःसंकोचपणे नैयायिकांच्या बाजूचा आहे. माणूस बदलण्यासाठी आधी तो मोडलाच पाहिजे, असे सांगणारा प्रत्येक गुरू, प्रत्येक मास्तर आणि प्रत्येक बाप नकळत पीलुपाकवादी असतो, आणि मोडलेले पुन्हा जुळेलच याची हमी मात्र त्याच्यापाशी नसते.

याला लागूनच सांख्यांचा एक सिद्धांत येतो. कार्य कारणात आधीपासूनच असते, तेल तिळातून निघते, वाळूतून निघत नाही, असे ते म्हणतात. आणि आपल्या व्यवहारात हा सिद्धांत 'मुळातच होते म्हणून बाहेर आले' या रूपाने वावरतो. अमुक घराण्याच्या रक्तातच कणखरपणा, तमुक जात जात्याच सोशीक, ही सर्व भाषा याच टाकसाळीतली. मॅग्नेशियम याला अर्धाच दुजोरा देते. वाळूत ते बळ नव्हते, हे खरे. परंतु १६५ आणि २७५ या दोन आकड्यांच्या मध्ये द्रव्याचा एक कणही नवा आलेला नाही, जे आले ती केवळ मांडणी आहे. आणि मांडणी ही द्रव्याच्या पोटात लपून बसलेली नव्हती, ती कोणीतरी भट्टीचे तापमान सांभाळून, वेळ मोजून घडवून आणली. २००१ साली जपानमध्ये ९७ भाग मॅग्नेशियम, १ भाग जस्त आणि २ भाग इट्रियम यांचा रस अतित्वरेने गोठवून त्याची भुकटी केली गेली, ती भुकटी रेटून कांबी काढल्या, आणि त्यांनी ६०० मेगापास्कलचा उंबरठा ओलांडला. अणूंची हीच प्रमाणे साध्या साच्यात ओतली तर ते बळ दिसत नाही. मग ते बळ कोणाच्या रक्तातले म्हणावयाचे?

आमच्या वैद्यकाने ही गोष्ट दर्शनकारांहून अधिक नेमकेपणाने ओळखली होती, असे मला वाटते. चरकाच्या विमानस्थानात संस्काराचे लक्षण सांगितले आहे, ते द्रव्यात निराळा गुण आणून ठेवणे असे. आणि तो कशाकशाने आणला जातो याची जी यादी तेथे आहे तीत पाणी, अग्नी, शुद्धी, मंथन, स्थळ, काळ, भांडे इतक्या गोष्टी येतात. स्थळ, काळ आणि भांडेसुद्धा! ज्या भांड्यात ठेवले त्या भांड्याचाही संस्कार द्रव्यावर होतो, असे मानणाऱ्या माणसाला टाकी आणि दगड या दोनच पात्रांवर भागणारा दृष्टांत तोकडा वाटला असता.

सोसण्याला दिशाही असते, ही गोष्ट धातुशास्त्राने अलीकडेच तपशिलाने दाखवली. साच्यातून रेटून काढलेली मॅग्नेशियमची कांब लांबीच्या दिशेने ओढली तर चांगली टिकते, परंतु तीच कांब त्याच दिशेने दाबली तर पुष्कळदा निम्म्याच ताणाला नमते. कारण रेटण्याच्या क्रियेत आतील कणांची तोंडे एका विशिष्ट बाजूला वळलेली असतात. सोव्हिएट संघात सत्तरीच्या दशकात व्ही. एम. सेगल यांनी एक युक्ती काढली, तीत सारख्याच रुंदीच्या आणि कोनात मिळणाऱ्या दोन मार्गांच्या साच्यातून धातूची कांडी पुनःपुन्हा रेटतात. दर खेपेला कांडी जशीच्या तशी बाहेर येते, आतून मात्र पिळली जाऊन तिचे कण अतिसूक्ष्म होतात. मॅग्नेशियमच्या काही मिश्रधातूंवर हा प्रयोग झाला तेव्हा कण बारीक होऊनही नमण्याचा ताण उलट कमी भरला, आणि लांबण्याची क्षमता मात्र फार वाढली. कणांची तोंडे फिरली होती, म्हणून. बारीकपणाचा नियम येथे दिशेपुढे हरला. भुकेला न डगमगलेला माणूस अपमानाच्या एका शब्दाने कोसळतो, तेव्हा आपण त्याला दुबळा म्हणतो. त्याचे बळ कोणत्या दिशेने घडले होते, हे कोणी पाहत नाही.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा घेऊ. मराठवाड्यातील वडीलधारी माणसे आजही अभिमानाने सांगतात की बहात्तरच्या दुष्काळाने आम्हाला घडवले. खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण हात पसरला नाही. हे खोटे आहे, असे म्हणण्याची माझी छाती नाही, आणि तसे वाटतही नाही. पण त्यांच्याच वाक्यात जे आहे ते लक्षपूर्वक ऐकावे. खडी होती, म्हणजे काम होते. कामावर मजुरी होती. पोराबाळांच्या पोटात सुकडी जात होती. दुष्काळ हा घाव होता, आणि दुष्काळी काम ही ऊब होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात विस्तारली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये तो अमलात आला. तोवर घाव आणि ऊब यांचा मेळ घालणे हे सरकारच्या मर्जीवर होते, पुढे ते मागण्याचा हक्क झाला. त्याआधीच्या शतकांतही दुष्काळ कमी पडले नाहीत. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात तुकोबांच्या घरात माणसे मेली, व्यापार बुडाला, आणि त्यातून आपल्याला तुकोबा मिळाले, असे आपण सांगतो. परंतु त्याच दुष्काळात देहूच्या पंचक्रोशीत आणि दक्षिणेत इतरत्र जी माणसे मेली, गाव सोडून परागंदा झाली, त्यांच्यापैकी एकालाही त्या घावांनी देवपण आले नाही. पाथरवटाच्या दृष्टांतात दोन दगड असतात. टाकीखाली उडालेल्या कपच्या कोणी मोजत नाही.

आणि धर्मग्रंथांचा आधार मागाल तर तोही सरसकट सोसण्याच्या बाजूने नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार केलेले आहेत, आणि शरीरातील भूतसमुदायाला पीडा देणारे घोर तप करणाऱ्यांना तेथे आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. कष्ट हे तप व्हायचे तर त्याला श्रद्धा, प्रयोजन आणि स्वेच्छा लागते. मुकादमाच्या उचलीपोटी केलेल्या पाच-सहा महिन्यांच्या कष्टात यांतले काय असते? २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पहाटे थंडीत उठून मोळ्या वाहणाऱ्या, आजारी पडल्या तर खाडा धरला जाईल म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या या बाया सोसण्यात कोणत्या संताला कमी होत्या? टाकी, घाव आणि मौन, दृष्टांताला लागते ते सर्व येथे होते. थंड धातूवर घण पडत राहिला, इतकाच त्याचा अर्थ मला लावता येतो.

यावरून दुःख निरर्थक आहे, असा निष्कर्ष कोणी माझ्या नावावर मांडू नये. आघाताशिवाय कण बारीक होत नाहीत, हे मी वर सांगितलेच आहे. ओतीव धातू नुसता उबेत ठेवला तर त्याचे जाळे विरघळेल, पण त्याचे भरड कण भरडच राहतील. ज्याच्या वाट्याला कधीच काही आले नाही असा माणूस पुष्कळदा भरडच राहतो, हाही आपला सर्वांचा अनुभव आहे. माझा वाद आघाताच्या एकट्या श्रेयाशी आहे. आघाताचे फळ आघातात नसते. ते घाव पडण्यापूर्वी कोणी भाता चालवला, रंग पाहिला, गती राखली आणि वेळेवर हात थांबवला यावर ठरते. म्हणून ईश्वर दुःख देऊन माणसाला घडवतो, या विधानाचा उत्तरार्ध सिद्ध करावयाचा असेल तर ऊब कोठून आली हे दाखवण्याची जबाबदारी विधान करणाऱ्यावर आहे. आणि इतिहासात ती ऊब जेव्हा जेव्हा दिसते, तेव्हा ती शेजाऱ्याने, समाजाने किंवा कायद्याने दिलेली असते. देणाऱ्याने ईश्वराच्या नावाने दिली असेल तर त्याला माझी हरकत नाही.

चकलांब्याच्या आणि त्याच्यासारख्या इतर गावांच्या पंचांपुढे आणि कीर्तनकार मंडळींपुढे यास्तव एकच विनंती आहे. आईबाप तोडीला गेल्यावर पोरे गावातच राहून शिकावीत यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत हंगामी वसतिगृहे चालवण्याची योजना आहे. तिच्यात मुले कागदावर असतात की पंगतीला, जेवण वेळेवर मिळते की नाही, रात्री त्यांच्याजवळ कोणी मोठे माणूस असते की नाही, हे बाहेरून कोणी येऊन पाहणार नाही. कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी, गाड्या गावातून निघण्याआधी, त्या मुलांच्या याद्या पुऱ्या करून घ्या आणि वसतिगृह पहिल्या दिवसापासून चालू होईल असे पाहा. आणि महाराजांनी येत्या सप्ताहात पाथरवटाचा दृष्टांत घेतलाच, तर तो फडावर जाणाऱ्यांकडे पाहून न सांगता, एकदा मंडपात पुढच्या रांगेत लोडाला टेकून बसलेल्या मुकादमांकडे आणि कारखान्यांच्या संचालकांकडे पाहून सांगावा.